राजीनाम्याचा महिना

सुख दारात आलं की मी आधी त्याच्या पाठीमागे कोण उभं आहे ते बघते. ही खोड आजची नाही. मुलगा-सून अचानक माझ्या आवडीची भाजी करून वाढायला लागले, की घास तोंडात घालायच्या आधी मी विचारते, काय झालंय? सून बिचारी हिरमुसते. नवरा होता तेव्हा म्हणायचा, हिला देवानं हातावर प्रसाद ठेवला तरी ही आधी हुंगून बघेल. त्याला, मुलाला, कुणालाच मी भिलाईतला तो मे महिना नीट सांगितला नाही. इतका गोड महिना माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही, आणि माझा हा संशयी स्वभाव पक्का झाला तोही त्याच महिन्यात. आता नागपूरच्या फ्लॅटमध्ये दुपारी झोप येत नाही, तेव्हा म्हटलं लिहून टाकावं. लिहिताना माझी बाजू धरून लिहायची नाही असं ठरवलंय, बघू किती जमतं ते.

आम्ही सेक्टर दहामध्ये राहत होतो. दोन खोल्या, मागं अंगण, अंगणात एक पेरू आणि आईनं लावलेला कढीपत्ता. आई-बाबा दोघंही भंडाऱ्याकडचे, पण माझा जन्म भिलाईचा, त्यामुळे घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि भाजीवालीशी अर्धीमुर्धी छत्तीसगढी अशी माझी जीभ तीन घरची पाहुणी होती. बाबा भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या, म्हणजे प्लांटच्या, टाइम ऑफिसात क्लार्क होते. दुसऱ्यांच्या हजेऱ्या आणि रजा लिहिण्यात त्यांचा जन्म चालला होता, आणि रजा घेणाऱ्या माणसाबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. ताप आला तरी सकाळचा भोंगा वाजला की ते पायात बूट चढवत. मला गोष्टीची पुस्तकं वाचायला त्यांची बंदी होती. "अभ्यासाचं वाच," एवढंच. असा हा माणूस मे महिन्याच्या सुरुवातीला घरी आला, टोपलीभर आंबे खाली ठेवले आणि म्हणाला की महिनाभराची रजा टाकली आहे. कशासाठी, तर आराम करायला. आईनं काही विचारलं नाही. मी त्यांच्याकडे बघत राहिले, कारण बाबा आणि आराम हे दोन शब्द मी तोवर एका वाक्यात ऐकले नव्हते.

मग सुरू झाले लाड. बाबा स्वतः बादलीत आंबे भिजत घालायचे, स्वतः पिळायचे, मनगटापर्यंत पिवळे व्हायचे. आई सरगुंडे करायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कणकेची पोकळ नळी काडीवर वळून वाळवतात, मग उकडून रसात बुडवून खातात. आमच्याकडे जावयासाठी करायचा हा प्रकार, आणि आई तो माझ्यासारख्या पंधरा-सोळा वर्षांच्या पोरीसाठी आठवड्यात दोनदा करत होती. जेवणात कैरी-कांद्याचा तक्कू, दुपारी कूलरसमोर चटई, कूलरच्या वाळ्याचा ओला वास, आणि संध्याकाळी बाबांबरोबर फेरी. एका रविवारी तर त्यांनी मला आमच्या मराठी मंडळाच्या खोलीवर नेलं, पुस्तकाचं कपाट उघडून घेतलं आणि म्हणाले, घे तुले पाहिजे ते. मी मुद्दामच त्यांना सगळ्यात नको असतील अशी दोन जाड रहस्यकथांची पुस्तकं उचलली, वर्‍हांड्यात प्रेत सापडतं त्या जातीची. बाबांनी मुखपृष्ठ बघितलं, सही केली आणि पुस्तकं माझ्या हातात दिली. तिथं मला पहिल्यांदा वाटलं, कुठंतरी पाणी मुरतंय.

रहस्यकथा वाचणाऱ्याचं एक असतं, घरातला चमचा जागेवर नसला तरी त्याला खुनाचा वास येतो. मी वहीच्या मागच्या पानावर खुणा लिहायला घेतल्या. एक, बाबांची स्कूटर. ती वऱ्हांड्यात जुन्या चादरीखाली झाकून ठेवली होती. इंजिनाचं काम निघालंय म्हणाले, पण दुरुस्तीला काही नेत नव्हते, आणि मी चादर वर करून बघितली तर पुढच्या दिव्याची काच नव्हती. दुसरी खूण, काळ्या कोटातला एक माणूस दोनदा घरी येऊन गेला. तो आला की मला चहा द्यायलासुद्धा बाहेर पाठवत नसत. तिसरी, डोंगरगड. बाबा देवळाच्या बाहेर चपला सांभाळत उभे राहणारे, त्यांनी आम्हाला पॅसेंजर गाडीनं डोंगरगडला नेलं, भर उन्हात सगळ्या पायऱ्या चढले आणि देवीसमोर इतका वेळ डोळे मिटून राहिले की मागच्या बाईनं त्यांना हटकलं. खाली आल्यावर त्यांनी आम्हाला उसाचा रस पाजला. मी ग्लास हातात धरून हिशोब लावत होते, की इतकं गोड वागून हा माणूस विकतोय तरी काय.

उत्तर मला एका दुपारी मिळालं. मी कूलरसमोर झोपेचं सोंग घेऊन पडले होते आणि आई-बाबा स्वयंपाकघरात हळू आवाजात बोलत होते. कूलरच्या घरघरीतून मला तुकडे तुकडे ऐकू येत होते. बाबा म्हणाले, "वकील म्हणते का राजीनामा करून टाका. दुसरा रस्ता नाही." आई म्हणाली, "मंग करा न. वाट कायची पाहून राहिले?" बाबा म्हणाले, "माह्या एकट्याच्या हातात आहे का ते?" पुढचं मला ऐकू आलं नाही, कारण मी राजीनामा या शब्दापाशीच अडकले होते. बाबा नोकरीचा राजीनामा देणार! रजा, काळा कोट, झाकलेली स्कूटर, देवी, सरगुंडे, सगळं एका झटक्यात जुळलं. स्कूटर विकायला काढली होती. माझे लाड चालले होते ते जाण्याआधीचे.

भिलाईत वाढलेल्या माणसालाच या भीतीचा अर्थ कळेल. आमचं म्हणून तिथं काही नव्हतं. भिंत प्लांटची, नळ प्लांटचा, शाळा प्लांटची, आजारी पडलो तर पलंगही प्लांटचा. नोकरी गेली की क्वार्टर खाली करायचं. आमच्या मागच्या ओळीतल्या एका कुटुंबाचं सामान मी ट्रकवर चढताना बघितलं होतं, त्यांच्या कुंड्यासुद्धा वर गेल्या होत्या आणि त्यांची मुलगी, माझ्याच वर्गातली, पुढं ड्रायव्हरशेजारी बसून माझ्याकडे न बघता गेली होती. आता आमचा ट्रक येणार, आम्ही भंडाऱ्याकडच्या काकांच्या दारात जाऊन उभे राहणार, आणि माझं अकरावीला विज्ञान घेणं वगैरे सगळं बोंबलणार. मी आई-बाबांना काहीच विचारलं नाही. रहस्यकथेतला हेर कधी विचारत नाही, तो पाळत ठेवतो. या शहाणपणानं पुढं आम्हाला जवळजवळ बुडवलंच.

आता अहिवारा नावाच्या गावाबद्दल सांगायला हवं, कारण त्या महिन्याची सगळी गोडी तिथं होती. दर दोन-तीन दिवसांनी बाबा मला म्हणायचे, घरी बसून काय करते, चाल अहिवाऱ्याले. भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीच्या बाजाराजवळून बस मिळायची. बाबा बाजारातून केळी, बिस्किटाचे पुडे, कधी औषधाच्या बाटल्या घ्यायचे. अहिवाऱ्याच्या कडेला चुनखडीच्या खाणीच्या रस्त्यावर बिसाहू नावाच्या माणसाचं मातीचं घर होतं. बिसाहू खाणीत काम करायचा. तो अंगणात खाटेवर पडलेला असायचा, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. ओळखीचे आहेत, सायकलवरून पडले, असं बाबांनी मला सांगितलं होतं. बाबा त्याच्या खाटेशेजारी उकिडवे बसून तास तास बोलायचे, आणि त्यांच्या ऑफिसातल्या साहेबांशीसुद्धा बोलले नसतील इतक्या नम्रपणे. मी याचाही अर्थ लावला होता. नोकरी सोडल्यावर बाबा इथं दुकान टाकणार आणि हे घर विकत घ्यायचं चाललंय. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा. फुटलेला दिवा मी घरी बघत होते, मोडलेला पाय मी तिथं बघत होते, आणि दोन्हींच्या मधली पंचवीस-तीस किलोमीटर मला जोडता आली नाहीत.

पण खरं सांगायचं तर तिथं गेल्यावर माझी हेरगिरी टिकायची नाही, कारण तिथं रमशीला होती. बिसाहूची मुलगी, माझ्याच वयाची, माझ्यापेक्षा वीतभर उंच, पाचवीनंतर शाळा सुटलेली. पहिल्या दिवशी तिनं मला ओंजळभर तेंदू, म्हणजे टेंभुर्णीची फळं दिली, ती खाताना माझ्या तोंडाला चीक चिकटला तेव्हा ती पोट धरून हसली, आणि आमची मैत्री झाली. ती मला तलावावर न्यायची, चारोळीची काळी फळं चोखायला शिकवायची, आणि एकदा तिनं मला कांदा नि मिठाबरोबर बासी खाऊ घातली, म्हणजे रात्री पाण्यात ठेवलेला भात. मे महिन्यात त्याच्याइतकं गार पोटात दुसरं काही जात नाही. मी तिला देण्यासारखं माझ्याकडे एकच होतं, रहस्यकथा. चिंचेखाली बसून मी मराठी पुस्तक उघडायची आणि वाचता वाचता हिंदीत सांगत जायची. ती भुईमुगाच्या शेंगा सोलत ऐकायची. माझी एक वाईट सवय होती, मला शेवट आधीच माहीत असायचा आणि तो पोटात ठेवता यायचा नाही. निम्म्यात कुठंतरी मी चोराचं नाव बोलून बसायची. रमशीला मग कपाळाला हात लावायची. पण मी बोलून बसले नाही तरी ती ओळखायचीच. मी विचारलं कसं ओळखतेस, तर म्हणाली, "जेन जादा मीठ गोठियाथे, ओही चोर आय." जो फार गोड बोलतो तोच चोर. मी बाबांकडे बघितलं. ते खाटेशेजारी बसून बिसाहूसाठी केळ सोलत होते.

महिना सरत आला तशी घरातली कुजबुज वाढली. तारीख, सही, जिल्ह्याचं गाव दुर्ग, असे शब्द यायला लागले. बाबांचा चेहरा उतरला होता पण सरगुंडे थांबले नव्हते, आणि मला आता तो प्रत्येक घास फसवणुकीचा वाटायला लागला होता. शेवटी एका दिवशी चिंचेखाली पुस्तक तसंच मांडीवर ठेवून मी रमशीलाला सगळं सांगून टाकलं. दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. मी हिंदीत म्हणाले, "हमारे बाबा चुपके से राजीनामा करनेवाले हैं. लेकिन मैं नहीं होने दूँगी. राजीनामा होगा ही नहीं." रमशीलाचे शेंगा सोलणारे हात थांबले. तिनं विचारलं, तुझ्या बाबांचंही असंच म्हणणं आहे का? मी फुशारकीनं म्हणाले की बाबांनाही मनातून ते नकोच आहे, वकील मागं लागलाय म्हणून. आणि मी रडून-भांडून ते मोडणार. ती मान खाली घालून परत शेंगा सोलायला लागली. मला वाटलं, माझ्या दुःखानं तिचं तोंड बंद झालं. उठताना तिनं मला चारोळीची फळं दिली नाहीत, तेही माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून सकाळीच दुर्गला गेले. संध्याकाळी परतले तेव्हा ते दारातच खाली बसले, बूट न काढता. आईनं पाणी आणलं. बाबा म्हणाले, "तो आलाच नाही. दिवसभर कोर्टाच्या दारात उभा राहिलो. अखेरीले त्याचा भाऊ आला अन् तोंडावर बोलला का तुम्ही लोक इथं केळं चारता अन् घरी पोरीसमोर म्हणता राजीनामा होऊ देत नाही. आता आम्हीच नाही करत म्हणे." आणि मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं. ते नुसतेच गोंधळले होते. "शालू, तू काय बोलली होती तिथं?"

मी रडत रडत म्हणाले की तुम्ही नोकरी सोडावी असं मला वाटत नाही म्हणून बोलले. आधी आईला उमगलं. ती माझ्याजवळ खाली बसली आणि तिनं मला सगळं पहिल्यापासून सांगितलं. एप्रिलमध्ये अहिवाऱ्याकडून लग्नाची पत्रिका देऊन परतताना बाबांची स्कूटर एका सायकलवाल्यावर गेली होती. सायकलवाला बिसाहू होता. बाबांनीच त्याला उचलून दवाखान्यात नेलं, प्लास्टर होईस्तोवर बसून राहिले, पण पोलिसात केस झाली. केस कोर्टात चालली आणि शिक्षा झाली तर प्लांटात चौकशी लागणार आणि नोकरीवर गदा येणार. म्हणून तडजोड करायची, दोघांनी सही करून कोर्टासमोर ठेवायची. आणि त्या तडजोडीच्या कागदाला इकडच्या कचेरीत, इकडच्या हिंदीत, राजीनामा म्हणतात. आपल्या मराठीत माणूस नोकरी सोडताना देतो तो राजीनामा, इथं दोन भांडणारे राजी होतात तो राजीनामा. बाबा स्वयंपाकघरात "करून टाका" म्हणाले होते, "देऊन टाका" नव्हतं म्हटलं. एका क्रियापदाकडे मी कानाडोळा केला. मराठी मंडळाच्या परीक्षेत मला सगळ्यांत जास्त मार्क असायचे, हे वाचकांनी लक्षात घ्यावं.

जी नोकरी वाचवायला मी निघाले होते, तीच मी खड्ड्याच्या काठावर आणून ठेवली होती. पुढची तारीख दहा दिवसांवर होती. बाबा अहिवाऱ्याला गेले तर बिसाहूच्या भावानं त्यांना फाटकातूनच परत पाठवलं. त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सकाळी बाबा वकिलाकडे गेल्यावर मी आईला म्हणाले, मी जाते. आईनं कणीक मळता मळता माझ्याकडे बघितलं, मग पिठाच्या हातानंच डब्यातून बसचे पैसे काढून दिले. "बाबाले माहीत पडू देऊ नको," एवढंच म्हणाली.

मी तोवर एकटीनं कधी बस धरली नव्हती. कॅम्प-१ ला जाऊन विचारत विचारत बस शोधली, खिडकीशी बसले, आणि वाटभर हिंदीत वाक्यं पाठ करत गेले. बिसाहूच्या दारात त्याचा भाऊ उभाच होता. मी हात जोडून सांगायला लागले की आमच्या भाषेत राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं, मला वाटलं बाबा नोकरी सोडतायत, म्हणून बोलले. तो हसला. "सिखो-पढ़ो के भेजे हे," तो मागं वळून खाटेवरच्या बिसाहूला म्हणाला. शिकवून-पढवून पाठवलीय पोरीला. आणि का म्हणू नये त्यानं? महिनाभर एक साहेब केळी घेऊन येतो, गोड बोलतो, सोबत पोरगी आणतो. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच म्हणाले असते. आज इतक्या वर्षांनी तो माणूस मला घरातल्या सगळ्यांपेक्षा ओळखीचा वाटतो. मी पाठ केलेली वाक्यं संपली, पुढं काही सुचेना, आणि मी तिथंच उभी राहून हुंदके द्यायला लागले.

तेव्हा रमशीला आतून आली. माझ्याशी ती बोलली नाही, बापाच्या खाटेजवळ जाऊन उभी राहिली. "ये लबारी नइ मार सकय, ददा," ती म्हणाली. ही खोटं बोलूच शकत नाही. "कहिनी सुनाथे त चोर के नाव पहिलीच बता देथे." गोष्ट सांगते तर चोराचं नाव आधीच सांगून टाकते. बिसाहू हसायला लागला, इतका की त्याचा प्लास्टरचा पाय हलला आणि तो कळवळला. भाऊ पाय आपटत बाहेर निघून गेला. बिसाहूनं मला खाटेजवळ बोलावलं, राजीनाम्याचा मराठी अर्थ पुन्हा एकदा सांगायला लावला, आणि मान हलवत म्हणाला की कसली उलटी भाषा आहे तुमची. मग म्हणाला, साहेबाला सांग, तारखेला येतो.

रमशीला मला बसपर्यंत सोडायला आली. वाटेत तिनं विचारलं, तिच्या बापाला कुणी पाडलं ते मला खरंच माहीत नव्हतं का. मी म्हणाले, परवा कळलं. ती चालता चालता थांबली. तिला इतके दिवस वाटत होतं की मला माहीत आहे, आणि मी लाजेनं ते बोलत नाही. म्हणून तीही कधी बोलली नव्हती. "त तैं इहाँ काबर आवत रेहे?" तिनं विचारलं. मग तू इथं येत कशाला होतीस? तिच्या डोळ्यांत तोच संशय होता जो मी महिनाभर घरी बाळगत होते. मी म्हणाले, "तेरे लिए." ते खरं होतं. मी त्या क्षणी जितकं खरं बोलले तितकं आयुष्यात फार वेळा बोललेले नाही. तिनं माझा हात धरला आणि बस येईपर्यंत सोडला नाही.

तारखेला बिसाहू बैलगाडीतून आणि मग बसनं, भावाच्या खांद्यावर हात टाकून दुर्गला आला. सह्या झाल्या, कोर्टानं केस बंद केली. बाबांनी घरी येऊन सांगितलं की निघताना बिसाहूनं त्यांचा हात धरून एकच गोष्ट मागितली, "नोनी ला भेजत रहिबे, साहेब." पोरीला पाठवत राहा. बाबा म्हणाले होते, पाठवीन न, कावून नाही पाठवणार. त्या रात्री आम्ही तिघंही पोटभर जेवलो आणि दुसऱ्या दिवशी भोंग्याबरोबर बाबांनी बूट चढवले.

पुढच्या रविवारी मी म्हणाले, अहिवाऱ्याले जाऊ न. बाबा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. "आता कावून जाचं? राजीनामा झाला न."

या वाक्यासाठी मी बाबांना फार वर्षं माफ केलं नाही. त्यांच्या शेवटच्या आजारात, ते आमच्याकडे नागपूरला होते तेव्हा, मी एकदा सरळ विचारलं की तुम्ही मला दर खेपेला सोबत का नेत होता. त्यांनी लपवलं नाही. "तुले पाहून त्याइले वाटे का ह्याच्याही घरी पोरगी आहे," ते म्हणाले. "मले दुसरं काही सुचलं नाही." मला ते ऐकून राग यायला हवा होता, पण समोर वाळलेल्या हातांचा म्हातारा होता आणि त्याला तेव्हा भीती वाटली होती एवढंच मला कळलं. मी त्यांना पाणी दिलं.

लोकांना ही गोष्ट मी जेव्हा तुकड्या-तुकड्यानं सांगितली तेव्हा त्यात चोर नेहमी बाबाच होते. त्यांनी माझी मैत्री कामापुरती वापरली आणि काम झाल्यावर मोडली, असं मी सांगायची आणि ऐकणारे हळहळायचे. आता लिहायला बसले आहे तर एवढं लिहिलंच पाहिजे. बाबांनी नेलं नाही हे खरं, पण त्यांनी अडवलंही नव्हतं. जूनमध्ये शाळा उघडली, अकरावीच्या वर्गात नव्या मैत्रिणी झाल्या, सेक्टरातल्या, सायकलवाल्या, हिंदी-इंग्रजी बोलणाऱ्या. अहिवाऱ्याची आठवण यायची तेव्हा मी म्हणायची, दिवाळीत जाऊ. मग म्हणायची, परीक्षा झाल्यावर. रमशीलाचं लग्न झालं असेल असं वाटायला लागलं, तेव्हा जायचं कारणच उरलं नाही म्हणून मी सुटल्यासारखी झाले. कॅम्प-१ ची बस मला ठाऊक होती. कुठून सुटते, किती वेळ लागतो, कुठं उतरायचं, सगळं ठाऊक होतं, आणि मी मागितले असते तर आईनं पैसेही दिले असते. आमचं क्वार्टर जाणार होतं तेव्हा मी एकटी जाऊन त्या बसमध्ये बसले. "तेरे लिए" म्हणून आल्यानंतर मात्र एकदाही बसले नाही.